श्रीमंत शंकरदेव : ज्यांनी आसनावर ग्रंथ ठेवला

वाचकहो, आसाममधल्या एखाद्या गावात आपण कधी गेलात, तर तिथले नामघर आवर्जून पाहा. लांबट, उतरत्या छपराचे, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा असलेले साधेसे सभागृह. पूर्वेच्या टोकाला एक छोटा गाभारा असतो, त्याला मणिकूट म्हणतात. आपण सवयीने हात जोडून मूर्ती शोधू लागतो, पण समोर असते पायऱ्यापायऱ्यांचे लाकडी सिंहासन आणि त्यावर वस्त्रात गुंडाळलेली एक पोथी. दिवा तिच्यापुढे लावतात आणि नमस्कारही तिलाच करतात. बाहेरच्या सभागृहात संध्याकाळी गावकरी जमिनीवर बसून टाळ्या वाजवत नाम घेतात. त्याच जागेत नाटके होतात, आणि गावातले तंटेही पूर्वापार तिथेच बसून मिटवले जातात.

ही सगळी रचना ज्या महापुरुषाच्या नावाशी जोडलेली आहे, ते म्हणजे श्रीमंत शंकरदेव. 'श्रीमंत' या शब्दामुळे आपला थोडा गोंधळ होतो. असमियात तो आदराचा शब्द आहे, जसा आपल्याकडे पेशव्यांच्या नावाआधी लावत असत. पैशांशी त्याचा संबंध नाही. शंकरदेव मात्र खरोखरच सुखवस्तू घरात जन्मले होते आणि त्यांनी ते सुख सोडले, म्हणून हा शब्द त्यांच्या बाबतीत मला विशेष वाटतो.

परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १४४९ साली आजच्या नगाव जिल्ह्यातील बरदोवाजवळ झाला. वडील कुसुमवर भुयान त्या भागातल्या भुयान जमीनदारांचे प्रमुख होते. त्या प्रमुखाला शिरोमणी म्हणत. आईचे नाव सत्यसंध्या. आई-वडिलांचे छत्र फार लवकर हरपले आणि आजी खेरसुती यांनी नातवाला वाढवले. मुलगा अंगाने दणकट होता. भर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रा पोहून जाई, अशा कथा चरित्रांमध्ये आहेत. अभ्यासाचे नाव मात्र नव्हते. बाराव्या वर्षी आजीने त्याला महेंद्र कंदली या पंडितांच्या पाठशाळेत घातले. तिथे अक्षरओळख होते न होते तोच त्याने एक कविता रचली, असे सांगतात. तिच्यात एकही काना, मात्रा, वेलांटी नाही. नुसती 'अ'कारान्त अक्षरे, कारण पुढचे अजून शिकवलेलेच नव्हते! ही कविता आसाममध्ये आजही शाळकरी मुलांना माहीत आहे.

शिक्षण संपल्यावर त्यांच्यावर भुयानांचा कारभार आला. सूर्यवती यांच्याशी विवाह झाला, एक मुलगी झाली आणि थोड्याच काळात सूर्यवती वारल्या. मुलीचे नाव मनू. ती मोठी होईपर्यंत शंकरदेव थांबले. हरी नावाच्या भुयान तरुणाशी तिचे लग्न लावून दिले, कारभार चुलत आजोबांकडे सोपवला आणि सतरा सोबत्यांसह ते तीर्थयात्रेला निघाले. या हरीचे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचा उल्लेख येणार आहे. सोबत्यांमध्ये त्यांचे गुरू महेंद्र कंदलीही होते. शिष्याच्या यात्रेत गुरूने सामील व्हावे, हे त्या काळातही नेहमीचे नसावे.

ही यात्रा बारा वर्षे चालली. जगन्नाथपुरी, गया, काशी, मथुरा, वृंदावन, बदरिकाश्रम. पुरीत त्यांचा मुक्काम बराच होता. बदरिकाश्रमात त्यांनी पहिले बरगीत रचले. बरगीते म्हणजे रागात बांधलेली त्यांची भक्तिगीते. ती ज्या भाषेत आहेत तिला ब्रजावली म्हणतात. ती मैथिली आणि असमिया यांच्या मिश्रणातून घडलेली काव्यभाषा आहे, घरात कोणी ती बोलत नव्हते. तरी ती ऐकणाऱ्याला परकी वाटत नसे आणि रोजच्या बोलण्याहून थोडी वेगळी, उंच वाटे.

परत आल्यावर घरच्यांनी पुन्हा शिरोमणी होण्याचा आग्रह केला. त्यांनी नकार दिला. आजीच्या इच्छेखातर कालिंदी यांच्याशी विवाह मात्र केला. आणि मग त्यांच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची भेट झाली.

मिथिलेकडच्या तिरहुतचे जगदीश मिश्र नावाचे पंडित भागवताची पोथी घेऊन बरदोव्याला आले. पोथीसोबत श्रीधरस्वामींची टीका होती. जगन्नाथाच्या आज्ञेने ते आले होते, अशी भक्तांची श्रद्धा आहे. त्यांनी बाराही स्कंध शंकरदेवांपुढे वाचले, अर्थ उलगडला आणि त्यानंतर काही काळातच त्यांनी देह ठेवला. शंकरदेवांनी कीर्तन, गीते आधीही रचली होती, पण आता त्यांना आधार सापडला. देव एक, त्याला शरण जाणे एकच, आणि त्याचे नाव ऐकणे व गाणे हीच सर्वांना जमणारी साधना. या मार्गाला 'एक शरण नामधर्म' म्हणतात.

आता अडचण अशी होती की भागवत संस्कृतात. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात त्या काळी अहोम, कछारी, चुतिया, कोच, भुयान अशी निरनिराळी राज्ये आणि सत्ता होत्या. डोंगरांवर गारो, नागा, भोटिया, मिसिंग अशा अनेक जमाती. बहुतेकांची स्वतःची बोली वेगळी, देव वेगळे. संस्कृत जाणणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अशा लोकांपर्यंत बारा स्कंधांचा ग्रंथ न्यायचा कसा?

शंकरदेवांनी एका वाटेवर भरवसा ठेवला नाही. जो वाचू शकेल त्याच्यासाठी त्यांनी भागवताच्या अनेक स्कंधांचे असमिया पद्यात रूपांतर केले. त्यातला दशम स्कंधाचा पूर्वार्ध, म्हणजे 'दशम', घरोघरी पोचला. ज्याला वाचता येत नाही पण गाता येते, त्याच्यासाठी 'कीर्तन घोषा' हा ग्रंथ. त्यात एकाने पद म्हणायचे आणि बाकीच्यांनी टाळ्यांच्या ठेक्यावर घोषा, म्हणजे धृपद, म्हणायचे. आपल्या भजनातला झीलकरी आठवा. आणि ज्याचा गाण्याकडेही ओढा नाही, त्याच्यासाठी नाटक.

नाटकांविषयी थोडे विस्ताराने सांगावेसे वाटते. त्यांचे पहिले नाटक 'चिह्नयात्रा' आज उपलब्ध नाही, पण त्याचे वर्णन चरित्रकारांनी केले आहे. सात वैकुंठांची चित्रे त्यांनी स्वतः रंगवून पडद्यांसारखी लावली, कुंभाराकडून मातीचे खोल घडवून घेतले, वादकांना शिकवले आणि भूमिकाही केल्या. नंतर 'पत्नीप्रसाद', 'कालियदमन', 'केलिगोपाल', 'रुक्मिणीहरण', 'पारिजातहरण' आणि 'रामविजय' ही नाटके आली. यांना अंकिया नाट म्हणतात आणि त्यांच्या प्रयोगाला भाओना. प्रयोगात सूत्रधार सुरुवातीला येऊन निघून जात नाही. तो अखेरपर्यंत रंगभूमीवर राहतो आणि प्रत्येक प्रसंग प्रेक्षकांना समजावून देतो. म्हणजे कीर्तनकार आणि नाटक एकाच जागी! शिवाय या नाटकांत गद्य संवाद आहेत, तेही पंधराव्या-सोळाव्या शतकात. भाषेच्या अभ्यासकांना त्यांचे मोल मोठे वाटते ते यासाठी. मुखवटे बांबू, माती आणि कापडाचे. माजुली बेटावरील सामगुरी सत्रात ते आजही तसेच बनवतात.

मराठी वाचकाला इथे आपल्या एकनाथ महाराजांची आठवण होणे स्वाभाविक आहे. नाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली आणि ती १५७३ साली काशीत पूर्ण केली. शंकरदेव त्याआधी पाच वर्षे निवर्तले होते. दोघांची भेट नाही, पत्रव्यवहार नाही. दोघांच्याही हाताशी श्रीधरस्वामींची टीका होती, दोघांनीही ग्रंथ लोकभाषेत आणला, आणि सामान्य माणसाला आवडेल अशा सोंग-नाट्याचा आधार दोघांनाही घ्यावासा वाटला.

एवढे वाचून हे सारे शांतपणे, गुरुकुलात बसून झाले असेल असा आपला समज होऊ शकतो. प्रत्यक्षात शंकरदेवांचे निम्मे आयुष्य स्थलांतरात गेले. १५१६ च्या सुमारास कछारींशी संघर्ष वाढला तेव्हा ते बरदोवा सोडून ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठाला गेले. जागा बदलत बदलत अहोम राज्यातील धुवाहाटला स्थिरावले. तिथे त्यांना माधवदेव भेटले.

माधवदेव तेव्हा तिशी ओलांडलेले, संस्कृतात तयार, देवीचे कट्टर उपासक. पोटापाण्यासाठी पान-सुपारीचा व्यापार करीत. आई आजारी पडली म्हणून त्यांनी देवीला दोन बोकडांचा बळी देण्याचा नवस केला आणि बोकड आणायला मेहुणे रामदास यांना सांगितले. रामदास नुकतेच शंकरदेवांचे शिष्य झाले होते. त्यांनी आज-उद्या करत टाळाटाळ केली. माधवदेव चिडले. शेवटी रामदास म्हणाले की वाद माझ्याशी नको, माझ्या गुरूंशी घाला. दोघे शंकरदेवांकडे गेले. कित्येक तास शास्त्रार्थ चालला. एकाने वचन द्यावे, दुसऱ्याने त्याला तोडीस तोड वचन द्यावे. अखेर शंकरदेवांनी भागवताच्या चौथ्या स्कंधातला झाडाचा दृष्टांत सांगितला. मुळाला घातलेले पाणी फांद्या-पानांना आपोआप पोचते, तसेच एका अच्युताच्या पूजेत साऱ्या देवतांची पूजा होते. माधवदेव गप्प झाले आणि त्यांनी साष्टांग नमस्कार घातला. हे १५२२ साल मानतात. माधवदेवांनी लग्न केले नाही, उरलेले आयुष्य गुरूंच्या कार्याला दिले. बोकड वाचले.

धुवाहाटला शिष्य वाढले, तसा विरोधही वाढला. यज्ञ, बळी आणि दक्षिणा यांवर ज्यांचा चरितार्थ होता, त्यांनी अहोम राजा सुहुंगमुंग याच्या दरबारात तक्रार केली. राजाने शंकरदेवांचे म्हणणे ऐकून घेतले आणि तक्रार फेटाळली. त्यानंतरचे संकट मात्र धर्मावरून आलेच नाही. अहोम राज्यात हत्ती पकडण्याच्या मोहिमा होत आणि एका मोहिमेत रान वेढण्याचे काम भुयानांकडे होते. त्यांच्या बाजूने हत्ती निसटले. राजदंड कडक होता. शंकरदेव सापडले नाहीत, पण माधवदेव आणि जावई हरी पकडले गेले. माधवदेव संसार नसलेले विरक्त म्हणून त्यांना कैदेत ठेवून पुढे सोडून दिले. हरीचा शिरच्छेद झाला.

बारा वर्षांच्या यात्रेला निघताना ज्याच्या हाती मुलगी सोपवली, तो हाच हरी. शंकरदेवांच्या मनावर या घटनेचा काय परिणाम झाला, याचा अंदाज त्यांच्या पुढच्या कृतीवरून घ्यावा लागतो. अहोम राज्यात पुन्हा राहण्याचा विचार त्यांनी सोडून दिला. कुटुंब आणि शिष्य यांना घेऊन ते नदीच्या प्रवाहाने पश्चिमेला कोच राज्यात उतरले आणि बरपेटाजवळ पाटबाउसी येथे राहिले. वय नव्वदीच्या पुढे होते. या वयात माणूस नवे घर बांधत नाही, यांनी सत्र बांधले! त्यांचे पुष्कळसे लेखन आणि बहुतेक नाटके याच मुक्कामातली आहेत.

लेखनातले एक काम मला फार आवडते. चौदाव्या शतकात माधव कंदली यांनी रामायण असमियात आणले होते, पण त्याचे पहिले आणि शेवटचे कांड हरवले होते. शंकरदेवांनी उत्तरकांड लिहिले, माधवदेवांना आदिकांड लिहायला लावले आणि मधली पाच कांडे कंदलींचीच ठेवली. स्वतःचे नवे रामायण लिहिणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी पूर्वीच्या कवीचे काम पुरे केले.

त्यांच्या शिष्यवर्गात कोण कोण होते ते पाहा. गारो समाजातले गोविंद, नागा समाजातले नरोत्तम, अहोम नरहरी, मुसलमान शिंपी चांदसाई. नामघरात सगळे एकाच जमिनीवर बसत आणि भिजवलेले मूग-हरभरे, आले व खोबरे यांचा प्रसाद सर्वांना सारखाच मिळे. अजूनही तोच प्रसाद असतो. त्याला चूल लागत नाही, त्यामुळे कोणी शिजवले हा प्रश्न उरत नाही. हे मुद्दाम केले असावे असे मला वाटते.

कोच राज्यातही तक्रारी राजापर्यंत पोचल्याच. राजा नरनारायणाने शंकरदेवांना पकडण्याचा हुकूम काढला. त्यांचा पत्ता काढण्यासाठी नारायणदास ठाकूर आणि गोकुलचंद या दोन शिष्यांचा छळ झाला. दोघांनी तोंड उघडले नाही. इकडे राजाचा भाऊ आणि सेनापती चिलाराय याने शंकरदेवांना स्वतःच्या आश्रयाला घेतले होते. राग शांत झाल्यावर शंकरदेव दरबारात गेले. पंडितांशी वाद झाले, आणि राजा त्यांचा चाहता होऊन बसला.

या दरबारातली एक कथा अशी. राजाने पंडितांना विचारले की एवढे मोठे भागवत एका दिवसात, छोट्या पोथीत कोणी सांगू शकेल का? बाकीचे थांबले. शंकरदेवांनी एका रात्रीत 'गुणमाला' लिहून सकाळी हजर केली. छोटे छोटे चरण, लहान मुलाच्याही तोंडी बसतील असे. चुन्याच्या डबीत हत्ती कोंबला, असे त्या पोथीविषयी आसाममध्ये म्हणतात.

चिलारायाची मागणी आणखी वेगळी होती. त्याला कृष्णाच्या वृंदावनातील लीला कापडावर पाहायच्या होत्या. शंकरदेवांनी आराखडे काढले, रंग ठरवले, बरपेटाजवळच्या तांतीकुची गावातले बारा विणकर निवडले आणि कामावर देखरेख केली. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने या प्रसंगात मला विणकर आधी दिसतात. शंभरी ओलांडलेला एक संत मागाशेजारी बसून कोणता धागा कुठे जावा हे सांगतो आहे, आणि विणकरांच्या हातून भागवताचा दशम स्कंध एकेका ओळीने पुढे सरकतो आहे. चित्राखाली प्रसंगाचे नावही विणलेले असे. ते मूळ वृंदावनी वस्त्र आज हाती नाही. पण त्या परंपरेतले सतराव्या शतकाच्या अखेरीचे एक वस्त्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नऊ मीटरहून लांब, बारा पट्ट्या जोडून केलेले, तिबेटमध्ये मिळालेले आणि १९०५ साली तिथे पोचलेले. आसामची कृष्णकथा हिमालय ओलांडून बौद्ध प्रदेशात गेली आणि तिथे ती जपली गेली, हा भाग मला अद्भुत वाटतो.

१५५० मध्ये शंकरदेवांनी शंभरावर शिष्यांसह पुन्हा पुरीची यात्रा केली. निघताना कालिंदींनी माधवदेवांकडून वचन घेतले की यांना पुरीच्या पुढे जाऊ देऊ नका. वृंदावनात पोचले तर ते परतणार नाहीत, ही त्यांची भीती. शंकरदेवांना पुढे जायचेच होते. माधवदेवांनी गुरुपत्नीला दिलेला शब्द पाळला आणि यात्रा पुरीहून परतली.

शेवटचा काळ कोच राजधानीजवळ गेला. चिलारायाच्या आग्रहाने 'रामविजय' लिहून झाले होते. राजा नरनारायणाने आता दीक्षा मागितली. शंकरदेवांनी नकार दिला. राजाला शिक्षा द्याव्या लागतात, युद्धे करावी लागतात, राज्यातल्या सर्व देवतांचे उत्सव चालवावे लागतात, मग एकालाच शरण जाण्याचे व्रत तो पाळणार कसा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्या एका शब्दावर सर्व शिष्यांची सुरक्षितता अवलंबून होती, त्याला हे सांगायचे होते. राजाचा आग्रह सुटेना. त्याच सुमारास शंकरदेवांना फोड झाला, ताप चढला आणि १५६८ साली त्यांनी देह ठेवला. परंपरा त्यांचे वय एकशे एकोणीस सांगते. तिथे आज मधुपूर सत्र आहे.

त्यांना तीन मुलगे होते. थोरल्या रामानंदांनी विचारले की आमच्यासाठी काय ठेवले? शंकरदेवांनी त्यांना माधवदेवांकडे पाठवले. गादी शिष्याकडे गेली. माधवदेवांनी पुढे 'नामघोषा' लिहिली आणि आणखी अठ्ठावीस वर्षे हे काम चालवले. त्यांच्यामागे पंथाच्या चार संहती, म्हणजे शाखा झाल्या. आचारांत फरक पडले, वादही झाले. नामघराची मांडणी मात्र टिकली. सत्रांमध्ये भिक्षू जे नृत्य गुरुशिष्य परंपरेने शिकत, त्या सत्रिया नृत्याला २००० साली संगीत नाटक अकादमीने शास्त्रीय नृत्य म्हणून मान्यता दिली.

माजुलीला जायचे असेल तर जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून बोट मिळते. शंकरदेवांची पुण्यतिथी भाद्रपद शुद्ध द्वितीयेला असते. आपल्याकडे गणपतीच्या आगमनाला दोन दिवस उरलेले असतात, मखराची धावपळ चाललेली असते. त्या दिवशी आसामच्या गावोगावी सकाळपासून नामघर भरते, मणिकुटातील पोथीपुढे दिवा लागतो आणि कीर्तन सुरू होते.